राखीव

गेल्या मेळाव्याच्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली, अल्पोपाहार झाला आणि प्रथेप्रमाणे माजी विद्यार्थी विरुद्ध शाळेचा संघ असा बास्केटबॉलचा सामना झाला. सामना कोणी जिंकला हे बहुतेकांना आता आठवणारही नाही. माझ्या लक्षात राहिली ती सामन्यानंतर मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली रंगलेली चर्चा. विषय होता शाळेच्या संघातला एक राखीव खेळाडू. दहावीचा मुलगा, परीक्षा संपली की शाळा आणि वसतिगृह सोडून जाणारा. त्या दिवशी तो शेवटची चार-पाच मिनिटे मैदानावर होता. तेवढ्यात त्याने दोनदा चेंडू गमावला, एक बास्केट केली आणि एकदा आमच्या एका धिप्पाड माजी विद्यार्थ्याच्या हातून चेंडू असा काढून घेतला की टाळ्या पडल्या.

"पोरगं नुसतं धावतंय. हात कुठाय त्याला?" एक जण म्हणाला.

"चार मिनिटांत हात दिसतो का? तुला तरी पहिल्या वर्षी कुठं होता?" दुसऱ्याने विचारले.

तिसऱ्याचे म्हणणे असे, की मुलाने आता खेळ सोडावा, आयटीआय करावे, घरची परिस्थिती पाहावी. चौथा म्हणाला की पुण्यात चांगले प्रशिक्षण देणारे क्लब आहेत, दोन वर्षे कोणी खर्च उचलला तर हा मुलगा राज्याच्या संघात दिसेल. बोलणारे सगळे कर्तबगार: कोणी बँकेत, कोणी पीएमपीएमएलमध्ये, कोणी चाकणच्या कारखान्यात. सगळे त्याच मैदानावर वाढलेले. त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती, हे आधी नोंदवतो. तो मुलगा पंधरा पावलांवर बुटांच्या नाड्या सोडत बसला होता आणि त्याला सगळे ऐकू जात होते, हेही नोंदवतो.

मला त्या चर्चेत एक शब्द खटकला. 'राखीव.' "अरे, तो राखीवमधला," असे कोणीतरी सहज म्हणाले आणि दोघे-तिघे हसले. ते का हसले ते या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगायला नको. हा शब्द आपण कॉलेजात ऐकला, कचेरीत ऐकला, बढतीच्या यादीखाली ऐकला. 'राखीवमधला' म्हणजे मूळचा कमी दर्जाचा, कोणाच्या तरी मेहेरबानीने यादीत आलेला. त्या शब्दाने दुखावलेली माणसे आता त्याच शब्दाने एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे मोजमाप करीत होती.

मराठीत बाकावरच्या खेळाडूलाही राखीव म्हणतात आणि घटनेने दिलेल्या जागेलाही राखीव म्हणतात. पण दोन्हींचा अर्थ अगदी उलट आहे. राखीव जागा म्हणजे ज्याला आजवर आत येऊ दिले नाही त्याच्यासाठी आत राखून ठेवलेले ठिकाण. राखीव खेळाडू म्हणजे आत येण्याची तयारी असताना ज्याला बाहेर राखून ठेवले आहे तो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते की या दोन अर्थांची गाठ ज्याच्या आयुष्यात पडली असा एक माणूस आपल्या पुण्यातच होऊन गेला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

१८९० च्या दशकात बाळू पूना क्लबच्या मैदानावर महिना चार रुपये पगारावर नोकर होते. खेळपट्टी झाडायची, लोळ फिरवायचा, जाळी लावायची आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. चर्मकार कुटुंबातला, डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा हा तरुण तासन् तास गोलंदाजी करी. त्या काळचे मोठे फलंदाज कॅप्टन ग्रेग त्याने बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिताना नोंदवलेली एक गोष्ट मात्र आख्यायिकेपेक्षा बोलकी आहे: त्या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हाती सरावासाठी एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान. चेंडू टाकण्याचे कष्ट नोकराचे. पुढे बाळू फलंदाज म्हणून का चमकले नाहीत, असे कोणी विचारले तर उत्तर त्यांच्या मनगटात शोधायचे की त्या जाळीत?

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि बाळूंशिवाय ते जमणार नव्हते. घ्यावे की न घ्यावे यावर शहरात वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हातात घेत. चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! या तर्कशास्त्राची ज्यांना गंमत वाटते त्यांनी आपापल्या गावातल्या पाणवठ्याची आठवण करावी.

पुढे बाळू मुंबईला गेले, हिंदू जिमखान्याच्या संघाचे मुख्य गोलंदाज झाले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. मुंबईला परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यांच्या यशाचा अभिमान वाटणाऱ्या त्या पिढीत विशीतले भीमराव आंबेडकरही होते. एवढे सगळे झाल्यावरही हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र दर वर्षी दुसऱ्या कोणाकडे जाई. दर वर्षी त्यांचे चाहते मागणी करीत, दर वर्षी निवड समिती ती नाकारी. ज्या एम. डी. पै यांच्याकडे ते पद गेले, त्यांनीच एका सत्कारसमारंभात हा मान खरा बाळूंचा असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. पै यांचा हा मोठेपणा मला नेहमी आठवतो. जागा ज्याला मिळाली त्याने स्वतः असे बोलणे आजही दुर्मीळच आहे.

१९२० साली बाळू पंचेचाळिशीच्या घरात होते आणि निवड समितीने त्यांना संघातून वगळले. आता खरोखरच निरोपाची वेळ आली होती. वय झाले, फिरकीतली धार गेली, तरुणांना वाट द्यावी, हे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याच वेळी कर्णधार पै आजारी पडले आणि बाळूंचे बंधू विठ्ठल ज्येष्ठ व श्रेष्ठ फलंदाज असूनही पुण्याच्या दि. ब. देवधरांना त्या सामन्याचे कर्णधार केले गेले. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले आणि त्यांनी आपली बाजू जाहीर निवेदनाने लोकांपुढे ठेवली. अंतिम सामन्यासाठी समितीला नमते घ्यावे लागले. भाऊ परतले, बाळूंनाही बोलावले आणि उपकर्णधार केले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. सगळ्या कारकिर्दीत तेवढा वेळ! विठ्ठल १९२३ साली रीतसर कर्णधार झाले आणि हिंदू संघाने त्या वर्षी चौरंगी स्पर्धा जिंकली. जी क्षमता या घराण्यात नाही असे दशकभर गृहीत धरले गेले, ती पहिल्याच संधीत दिसली.

आता दुसरी गाठ. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांत दलितांसाठी १४८ जागा राखीव ठरल्या. राखीव जागा ही कल्पना त्याआधीचीच; शाहू महाराजांनी १९०२ सालीच नोकऱ्यांत ती अमलात आणली होती. पण आज आपण ज्या राजकीय राखीव जागा म्हणतो त्यांचा दस्तऐवज हा करार, आणि त्याखालच्या सह्यांत बाबासाहेबांच्या सहीबरोबर पी. बाळू ही सही आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला उभे राहिले होते. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळच्या राखीव जागेसाठी काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्धच उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले.

त्यानंतर आपल्या चळवळीने बाळूंना बाकावर बसवले ते बसवलेच. मी स्वतः शिक्षक झाल्यावर कितीतरी वर्षे मुलांना १९३७ ची निवडणूक शिकवताना 'काँग्रेसचा उमेदवार' एवढाच त्यांचा उल्लेख करीत असे. त्या राजकीय निवडीत बाबासाहेब बरोबर होते आणि बाळू चुकले, हे माझे मत आजही पक्के आहे. पण एका निवडणुकीवरून साऱ्या माणसाचा ताळेबंद मांडणे ही तीच चार मिनिटांची चर्चा झाली. ज्याच्या यशाने एकेकाळी आपल्या वस्त्यांची छाती फुगली होती त्याचे छायाचित्र आपल्या शाळेच्या भिंतीवर नाही. यंदा लावायला हरकत नसावी.

थोडे अलीकडचे पाहू. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून अमोल मुझुमदार बसला होता, बसूनच राहिला. पुढे मुंबईकडून पदार्पणातच त्याने हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. पण भारतीय संघात तेंडुलकरच्या जोडीला द्रविड, गांगुली, लक्ष्मण आले आणि दार मिटले. २००६-०७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. २००९ मध्ये त्याला मुंबई सोडून आसामकडे जावे लागले. तेव्हा लोकल गाड्यांत आणि चहाच्या टपऱ्यांवर आपल्या कडुलिंबाखाली झाली तीच चर्चा झाली असणार: याचे दिवस संपले का? हा मुळात तेवढ्या तोलाचा होता का? कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ११,१६७ प्रथमश्रेणी धावा होत्या आणि कसोटी सामने शून्य. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक हाच मुझुमदार होता. वर्तमानपत्रांनी 'अखेर न्याय मिळाला' असा सूर लावला. मला तो पटला नाही. प्रशिक्षक म्हणून मिळालेले यश हे फलंदाज म्हणून न मिळालेल्या संधीची भरपाई होत नाही. एका खात्यातली बाकी दुसऱ्या खात्यात जमा दाखवू नये.

पद्माकर शिवलकरांचे तर तेही नाही. ५८९ प्रथमश्रेणी बळी, आणि बिशनसिंग बेदी त्याच काळात जन्मल्यामुळे एकही कसोटी नाही. इथे अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. बेदी श्रेष्ठच होते. पण 'कसोटी खेळला नाही, म्हणजे त्या दर्जाचा नव्हता' हे वाक्य शिवलकरांबद्दल कोणी उच्चारू धजत नाही आणि आमच्या मुलाबद्दल सहज उच्चारते, यातला फरक मला कळतो. एकाला आकडे आहेत, दुसऱ्याला नाहीत. आणि आकडे होण्यासाठी आधी मैदानावर जावे लागते.

आपल्याच खेळातले उदाहरण हवे असेल तर जेरेमी लिनचे घ्यावे. हार्वर्ड विद्यापीठात शिकलेला, तैवानी आईबापांचा हा अमेरिकन मुलगा. २०११ च्या डिसेंबरमध्ये दोन संघांनी त्याला महिन्याभरात सोडून दिले. न्यूयॉर्कच्या संघाने बाकावर घेतले. भावाच्या घरी कोचावर झोपून तो दिवस काढीत होता. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रशिक्षकाचा नाइलाज झाला म्हणून त्याला आत धाडले; त्याने २५ गुण केले. सहा दिवसांनी लॉस एंजेलिसच्या बलाढ्य संघाविरुद्ध ३८. त्याच उन्हाळ्यात ह्यूस्टनने देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करायला न्यूयॉर्कने नकार दिला आणि तो निघून गेला. जाताना चाहत्यांत दोन तट पडले: तो खरा होता की चार आठवड्यांचा फुगा? पुढे तो मोठा तारा झाला नाही, दुखापतींनी घेरला. २०१९ मध्ये टोरोंटोने विजेतेपद मिळवले तेव्हा तो संघात होता, पण अंतिम मालिकेत त्याला जेमतेम एक मिनिट मिळाले. आपला आशियाई चेहरा पाहून निवडकर्त्यांनी आपल्याला कमी लेखले, असे त्याने उघड सांगितले आहे. तिथे जात नाही, पण डोळ्यांवरचा चष्मा आहेच.

या उदाहरणांवरून कोणी असा अर्थ काढू नये की बाकावरचा प्रत्येक मुलगा हा लपलेला बाळू पालवणकर असतो. तसे नसते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी मुलांना मैदानावर पाहतो आहे. काही मुले खरेच संथ असतात, काहींना खेळ आवडत नाही, ती वसतिगृहाच्या अभ्यासिकेतून सुटका म्हणून येतात आणि त्यातही काही वाईट नाही. माझे म्हणणे एवढेच, की यातला कोण कोण आहे ते बाकाकडे पाहून कळत नाही.

आणि इथे मला माझ्याच खात्यातली एक नोंद उघडी करायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी क्रीडाशिक्षकांच्या रजेच्या काळात दोन हंगाम बास्केटबॉल संघ माझ्याकडे होता. मी खेळाडू नव्हे, इतिहासाचा माणूस. पण चषक आणायची ईर्षा मात्र पुरेपूर होती. संघात एक उंच, अबोल मुलगा होता. त्याला मी सामना हातातून गेला की किंवा पुरता हातात आला की आत धाडत असे. हरत असताना गेलेला मुलगा काय करणार? जिंकत असताना गेलेल्याकडे कोण पाहणार? दोन हंगामांनंतर त्याच्या शेऱ्यात मी लिहिले: 'प्रयत्नशील, खेळात सामान्य.' परवाच्या चर्चेनंतर रात्री मी कपाटातून जुन्या स्कोअरशीट काढल्या. त्याचे नाव शोधले. बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर गुण असतात, फाउल असतात, आणि खेळाडू मैदानावर उतरला की त्याच्या नावापुढे एक फुली असते. तो किती वेळ खेळला याचा रकाना नसतो. सहा शीटवर त्याच्या नावापुढे फुली होती. ती फुली दहा मिनिटांची की चाळीस सेकंदांची हे आता कोणीही सांगू शकणार नाही. एम.ए.ला असताना आम्हाला शिकवले होते की साधनांत जे नाही त्याबद्दल इतिहासकाराने निष्कर्ष काढू नये. मी तो काढला होता आणि त्याखाली सही केली होती.

तो मुलगा मध्यंतरी शिवाजीनगरच्या बसथांब्यावर भेटला. कुठल्याशा कंपनीत पर्यवेक्षक आहे, मुलगी सातवीत आहे. "सर, ओळखलंत का?" म्हणून वाकून नमस्कार केला. खेळाचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही.

आकडेमोड सोपी आहे. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा, मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे एका संघाकडे वाटायला दोनशे मिनिटे. संघात बारा मुले. समान वाटणी केली तर प्रत्येकाला सोळा मिनिटे चाळीस सेकंद. आंतरशालेय अंतिम सामन्यात अशी वाटणी करा असे मी म्हणणार नाही. पण मैत्रीपूर्ण सामन्यांत, सरावसामन्यांत, मेळाव्याच्या सामन्यात तरी ती का नको? बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडू कितीही वेळा आत जाऊ शकतो, बाहेर येऊ शकतो. नियम इतका उदार असताना आपणच कृपण का व्हावे?

कोणी म्हणेल की अशाने दर्जा घसरेल. हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे ते वाचकांनी आठवावे. ज्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत आणि त्यावर कोणी नाक मुरडत नाही, त्याच राज्यात दुसऱ्या एका राखीव जागेवर बसलेल्या माणसाला रोज आपली लायकी सिद्ध करावी लागते. पहिल्याला आपण कौतुक म्हणतो, दुसऱ्याला सवलत. आपल्या मैदानावर तरी हा दुटप्पीपणा नको.

या वर्षीपासून एक वही सुरू करावी असे मी क्रीडाशिक्षकांना सुचवले आहे. शंभर पानी, रेघांची. प्रत्येक सामन्यात प्रत्येक मुलगा कोणत्या मिनिटाला आत गेला आणि कोणत्या मिनिटाला बाहेर आला, एवढेच तीत लिहायचे. काम बाकावरच्याच मुलांनी करायचे नाही, ही अट मी मुद्दाम घातली आहे. नववीतल्या, न खेळणाऱ्या दोन मुलांनी ते हौसेने घेतले आहे. शेरा लिहिताना ती वही समोर असावी.

आणि त्या मुलाविषयी. कडुलिंबाखाली ज्या चौघांनी त्याचे भवितव्य ठरवले, त्यांना मी हा लेख छापण्याआधी वाचून दाखवला. क्लबचे सांगणाऱ्याने विचारले, "सर, खर्च किती येतो वर्षाला?" आयटीआयचे सांगणारा म्हणाला, "निम्मे मी देतो. पण आयटीआयही करू दे." मुलाला बोलावून विचारले. तो म्हणाला, "आईला विचारून सांगतो." त्याची आई ऊसतोडीवरून परतायला अजून तीन आठवडे आहेत. मेळाव्याच्या तारखेपर्यंत तिचे उत्तर येईल.